काचेच्या दाराचा कंट्रोलर

“पण स्क्रीन केवढा आहे?” पुतणीने विचारलं.

सेल्समन गडबडला. कंट्रोलर स्वतःच व्हॉल्व्ह फिरवून पाण्याचा प्रवाह किती अचूक राखतो, हे तो मघापासून जीव तोडून सांगत होता.

“स्क्रीन काय बघतेस? सिनेमा लावायचाय का?” काका कडाडले. “अचूकता विचार, अचूकता!”

हात धुण्याच्या पातळ साबणाचा हा छोटा कारखाना काकांनीच उभा केला होता. पुतणीलाही लहानाचं मोठं त्यांनीच केलं होतं. आता कारभार ती बघत असली, तरी पाण्याचा व्हॉल्व्ह काकांच्याच ताब्यात असे. छतावरच्या टाकीतून पाणी खाली येई, पाइपात साबणाला मिळे आणि मग बाटलीत उतरे. बाटलीकडे बघून काका व्हॉल्व्ह जरासा उघडत. पुन्हा बघत, जरासा बंद करत. दिवसभर डोळ्यांत तेल घालून हेच. जेवायलासुद्धा तिथेच बसत.

तरीही साबण कधी निव्वळ पाणी, तर कधी इतका घट्ट की बाटली उलटी धरून थोपटावी लागे. सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे हॉटेलवाले. त्यांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, पुढचा माल एकसारखा निघाला नाही तर ऑर्डर बंद. ती गेली की कारखान्याला टाळंच. म्हणून तर कंट्रोलर घ्यायचं ठरलं.

दुसऱ्या सेल्समनलाही तिने भलतंच विचारलं. “व्हॉल्व्हवर पेटी येते? काचेच्या दाराची?”

“येते ना, मॅडम. कुलूपही येतं. आणि हिरवा दिवा.”

“लुकलुकतो?”

“लुकलुकतो.”

“मग हाच द्या.”

काकांनी कपाळावर हात मारला. “अगं, कंट्रोलर घेतेस की शोकेस?”

वायरमनने व्हॉल्व्हवर कंट्रोलरची पेटी बसवली. पुतणी शेजारीच उभी होती. व्हॉल्व्ह बेताने लावून साबण मनासारखा उतरू लागल्यावर तिने दाराला कुलूप घातलं आणि चावी पर्समध्ये टाकली.

काका फुरंगटून बसले. मधूनमधून उठून काचेला नाक लावत आणि स्क्रीनवरचा प्रवाहाचा आकडा बघत. आकडा ढिम्म हलेना. शेवटी तेच कंटाळले आणि दुपारचे घरी जाऊन झोपू लागले.

मग हॉटेलवाल्यांचा फोन आला. माल फक्कड होता, ऑर्डर दुप्पट! पुतणीने आनंदाने काकांना मिठीच मारली.

काकांचा राग कुठल्या कुठे पळाला. “माझा हात हलका, पण या मशिनचा त्याहून हलका,” ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. “मीच पसंत केलंय.”

महिन्याभराने वायरमन पुन्हा आला. काका दारात उभे राहून शेजारच्या कारखानदाराला कंट्रोलरचे गुण ऐकवत होते. वायरमनने त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

“ताई, आकडा दिसतोय, दिवा लागतोय. पण कंट्रोलरपासून व्हॉल्व्हला जाणारी वायर तुम्ही म्हणालात तशी सुटीच ठेवलीये. आता तरी जोडू?”

“राहू दे,” पुतणी म्हणाली. “कुलूप तेवढं नीट लागतंय ना, बघा.”