न आलेले पेशंट

"ज्यानं हा थिसिसचा नियम काढला तो चोर आहे," ती म्हणाली. "आमची झोप चोरतो, पेशंटच्या वाटचा वेळ चोरतो, आणि वर म्हणतो, संशोधन करा."

सर्जरीच्या ड्युटी रूममध्ये तिचा सिनिअर डॉक्टर बुटांसकट खाटेवर आडवा पडला होता. त्यानं डोळेही उघडले नाहीत. "शिव्या देऊन झाल्या असतील तर थिसिस संपव. सरांची सही मिळाली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत. मग काढ पुढचं सगळं वर्ष माझं घोरणं ऐकत."

थिसिसचा विषय सरांनीच दिला होता. पोटाच्या ऑपरेशननंतर जखम चिघळू नये म्हणून अँटिबायोटिकची इंजेक्शनं आठवडाभर द्यायची रीत. तीन दिवसांत भागतं का, ते बघायचं. तिनं अर्ध्या पेशंटना तीन दिवस दिली, अर्ध्यांना आठवडा, आणि महिन्यानं सगळ्यांना तपासायला बोलावलं. आठवडावाले बहुतेक येऊन गेले. तीन दिवसवाल्यांतले निम्मे फिरकलेच नाहीत.

"त्यांचं काय लिहू?"

"बरे झाले." सिनिअरनं कूस बदलली. "न आलेला पेशंट बरा धरायचा. धडधाकट माणूस कशाला येईल इथं रांगेत सडायला? मी तेच केलं, माझ्या सिनिअरनं तेच केलं. सरांनीही तेच केलं असणार, पण विचारायची छाती कुणाची?"

"आणि बरा नसेल तर?"

"तर आला नसता का?"

बोलणं बिनतोड होतं. तिच्या गळी मात्र उतरेना.

सर ऑपरेशन थिएटरबाहेर हात धूत होते. तिचं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "फोन करायचेत? जरूर कर. पण वॉर्डाचं काम अडलेलं मला चालणार नाही." कोपरांपर्यंत फेस चोळत ते पुढं म्हणाले, "निकाल चांगला आला तर सगळ्या वॉर्डाला तीन दिवसच लावणार आहे मी. इंजेक्शनांची मारामार आहे, तुला ठाऊकच आहे."

तिनं फोन सुरू केले. जिन्यात, एक्स-रेच्या दारात, मांडीवर न उघडलेला डबा घेऊन. बोलण्याची सुरुवात ठरलेली: "मी हॉस्पिटलमधून डॉक्टर बोलतेय. पेशंट बरे आहेत ना?"

पलीकडून उत्तर, "बरे आहेत."

सगळीकडं तेच. एका बाईनं तर तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत सांगून टाकलं. कुणाचा पेशंट कामावर गेलेला, कुणाचा झोपलेला. जखम? भरली. ताप? नाही हो. तक्रार एकाचीही नाही. वॉर्डात असताना हीच माणसं चादरीपासून डासांपर्यंत सगळ्यावरून तिचं डोकं खायची. तिला जरा चमत्कारिक वाटलं. पण तेवढ्यात वॉर्डातून हाक आली आणि ते वाटणं तिथंच जिन्यात राहिलं.

शिंप्याचा फोन तिनं शेवटी ठेवला होता. तोंड गोड करून उठावं तसा. खाटेवर बसल्या बसल्या त्यानं तिच्या ॲप्रनचा उसवलेला खिसा शिवून दिला होता. "डॉक्टरताई, तुम्ही माझं पोट शिवलंत, मी तुमचा खिसा. पण खरं सांगू? माझा टाका बारीक." सगळा वॉर्ड खिदळला होता.

"कोण, शिंपीदादा का?"

"हो. मीच."

"कसे आहात?"

"ठणठणीत."

"तुम्ही शिवलेला खिसा अजून टिकलाय बरं का."

"हं. ठेवू का, ताई?"

इतके दिवस विचारपूस केली नाही म्हणून रुसले असतील, तिला वाटलं. तिनं 'बरे' लिहिलं.

सही मिळाली. "एवढे फोन करून शेवटी तेच लिहिलंस ना, जे मी झोपेत सांगितलं होतं," सिनिअरनं टोमणा मारला. तिनं तो हसून घेतला. त्याचं होतं ते गृहीत, तिचं होतं ते खरं. पुढच्या सोमवारपासून सगळा वॉर्ड तीन दिवसांवर आला.

परीक्षाही पार पडली. त्यानंतरच्या एका सकाळी राउंडमध्ये ती कोपऱ्यातल्या नव्या पेशंटचं पोट दाबून बघत होती. त्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं.

"हळू, ताई," तो म्हणाला.

आवाज ओळखीचा होता. चेहरा नव्हता.

"आपण बोललोय का कधी?"

"फोनवर. शिंप्याचा धाकटा भाऊ मी."

"फोनवर तर ते स्वतः होते."

"मीच होतो. घरी नेल्यावर आठवडाही काढला नाही दादानं. पोट फुगलं, ताप उतरेना. इकडंच आणत होतो, वाटेत गेला."

तिनं खाटेचा दांडा धरला. "मग बरे आहेत असं का सांगितलंत?"

"बाहेर बाकावर बसणाऱ्या आम्हा नातेवाइकांचं ठरलेलंच असतं. दवाखान्यातून फोन आला की बरं आहे म्हणायचं. उद्या घरातलं दुसरं कुणी पडलं तर जायचं कुठं? तुम्ही लोक नाराज झालात तर खाट कोण देणार?" त्याच्या आवाजात राग नव्हता. "सगळ्यांनी तेच सांगितलं तुम्हाला; आमचं आपसात अजून बोलणं असतं. ज्यांच्या घरी तुम्ही फोन केलात, त्यातली बरीच माणसं आता नाहीत."

राउंड पुढच्या खाटेकडं सरकला होता. तिला कुणीतरी हाक मारली. ती हलली नाही.

त्यानं तिचं मनगट धरलं. "आता पाळी माझी आहे, म्हणून लपवत नाही. दादाच्या शेजारच्याला आठवडाभर इंजेक्शनं मिळाली, तो आज दुकान चालवतोय. दादाची तिसऱ्या दिवशी बंद झाली. मला किती दिवस देणार, ताई? मान खाली घालू नका. सांगा."