माशांची दुपार

रात्रपाळी करून आलेल्या मुकुंदचा नुकता कुठे डोळा लागत होता, तोच स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. कुकर आणि टीव्ही आधीपासून होतेच. ‘दिवसा मला झोपू द्या’ असं सांगून सांगून तो थकला होता.

अचानक सगळे आवाज थांबले. त्याला भरूनच आलं. बाहेर येऊन बघतो, तर बायको माशांच्या टाकीवर आपली जुनी ओढणी पसरत होती.

“पाय वाजवू नका,” ती कुजबुजली. “मासे झोपलेत.”

“डोळे तर टक्क उघडे आहेत त्यांचे.”

“पापण्याच नाहीत बिचाऱ्यांना. निदान शांतता तरी नको का?”

उशी आणून तो टाकीला खेटून आडवा झाला आणि ओढणीचं लोंबणारं टोक स्वतःच्या तोंडावर ओढून घेतलं.