स्टेल्थिली

पुनम मॅडमनी चिठ्ठ्यांचा डबा भाविकापुढे धरला आणि मागच्या बाकावर तिची आई, सारिका, सावरून बसली.

आज पालकांनी वर्गात बसून तास बघायचा होता. धुळ्यातल्या या नव्या इंग्रजी शाळेला असल्या गोष्टींची भारी हौस. तासाला विषय इंग्रजी क्रियाविशेषणांचा, आणि तीही कसली, तर सगळी लबाडीची. चिठ्ठीत एक शब्द असायचा. मुलाने तो मनात ठेवून घरीदारी पाहिलेलं एखादं काम त्याच तऱ्हेने करून दाखवायचं, बाकीच्यांनी शब्द ओळखायचा. नुकताच ललितने 'डिसऑनेस्टली' करून दाखवला होता. केळी तोलताना काट्यावर हळूच करंगळी टेकवणारा व्यापारी त्याने इतका हुबेहूब वठवला, की वर्ग हसून लोटपोट झाला. त्याचे वडील केळीचेच व्यापारी. ते आधी हसले, मग मोबाइल बघू लागले.

पोरं सगळं बघत असतात, हे सारिकाला तेव्हा कळलं. आणि आपण समजतो, ती टीव्ही बघतायत.

भाविकाने चिठ्ठी उघडली, वाचली आणि हसून आईकडे पाहिलं. सारिकाने मान हलवली, नको म्हणून. पोरीला वाटलं, आई धीर देतेय.

ती चवड्यांवर चालत टेबलाशी गेली. आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. हात उंच करून वरच्या फळीवरचा नसलेला डबा काढला, आवाज न करता झाकण उघडलं, कोपरापर्यंत हात आत खुपसला. चिमटीत काहीतरी धरून पटकन तोंडात टाकलं, पाणी प्यायलं, ओठ पुसले. मग काही घडलंच नाही अशी गुणगुणत पोळ्या लाटू लागली.

"स्टेल्थिली!" वर्ग ओरडला.

"व्हेरी गुड! स्टेल्थिली, म्हणजे गुपचूप, चोरून," मॅडम म्हणाल्या.

सारिकाने डबा लगेच ओळखला. तिच्याच घरातला उडदाच्या डाळीचा डबा होता तो, आणि डाळीत दडवलेलं गोळ्यांचं पाकीट. गोळी कसली ते पोरीला ठाऊक नव्हतं. पण शेजारी सासूबाई, पुष्पाबाई, बसल्या होत्या, आणि त्यांना दोन आणि दोन चार शिकवायची गरज नव्हती. भाविकानंतरचं बाळंतपण सारिकाच्या जिवावर बेतलं होतं. बाळ गेलं, ती कशीबशी वाचली. पुन्हा दिवस राहायला नकोत, असं डॉक्टरांनी बजावलं, तरी नवऱ्याला, नवलला, मुलगा हवाच होता. 'तसलं काही करशील तर पिंपळनेरला माहेरी नेऊन टाकीन,' असं तो एकदा म्हणाला होता, आणि नवल बोलला की करायचा. पुष्पाबाईंनी तर नातवासाठी एकवीरेला नवस बोलला होता.

तिने चोरून बाजूला पाहिलं. पुष्पाबाई सरळ फळ्याकडे बघत होत्या. काही समजलं नसेल, तिने मनाची समजूत घातली. देवा, काही समजलेलं नसू दे.

"मॅडम, अजून एक करू? चिठ्ठीशिवाय?" भाविकाला आता टाळ्यांची चटक लागली होती.

"कर की!"

भाविकाने रुमाल पदरासारखा डोक्यावर घेतला. गुडघ्यावर हात ठेवून, "माय व माय" करत तिने खुर्ची ओढली आणि तिच्यावर चढली. पुन्हा तोच डबा. झाकण उघडलं, पाकीट काढलं, अगदी डोळ्यांजवळ धरून पाहिलं. मग ते परत आत ठेवलं आणि वरून डाळ सारखी केली. खाली उतरून तिने मोठ्याने हाक मारली, "सारिका व, चहा मांड!"

कुणी 'स्लायली' म्हणालं, कुणी 'स्नीकिली'. सारिकाने मात्र नक्कल कुणाची ते ओळखलं. गुडघ्यांमुळे सासूबाई स्टुलावर चढत नाहीत, या एका भरवशावर तिने वरची फळी निवडली होती. कधीपासून बघत होत्या या? आणि बघून गप्प का राहिल्या? चार नातेवाइकांसमोर एकदाच बोलायचं म्हणून? तिला रडू यायला लागलं. पुष्पाबाई मात्र इतरांबरोबर टाळ्या वाजवत होत्या.

तास संपला. मुलं पुढच्या तासाला थांबली, पालक निघाले. पुष्पाबाई सारिकाच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरल्या.

फाटकाशी नवल न्यायला आला होता.

"काय व माय, काय शिकाडं आज पोऱ्हेसले?" त्याने विचारलं.

सारिकाने आता ऐकायचं तेवढं उरलं होतं.

"काय माहीत भाऊ," पुष्पाबाई म्हणाल्या. "बठ्ठं इंग्रजीमा व्हतं. माले काय समजस!"

नवल हसला आणि गाडी वळवून आणायला गेला. तो पुरेसा लांब जाईपर्यंत पुष्पाबाई थांबल्या.

"भाविकाले मी समजाडसू," सुनेकडे न बघता त्या हळूच म्हणाल्या. "आन त्या गोळ्या तू कोपरावरना मेडिकलमाईन नको लेत जाऊ. त्या दुकानवालानी बायको मन्हा संगे भजनले येस. तिना तोंडमा तीळ भिजत नही."