पुसलेले ठसे

"आई, हेही परत आलं," शलाका म्हणाली. सावंतवाडीच्या त्यांच्या लाकडी खेळण्यांच्या ऑनलाइन दुकानातून गेलेलं हे आजचं नववं ईमेल. यंत्रांनी आपोआप पाठवलेल्या ईमेलांचा पूर आल्यापासून, पाठवणाऱ्याच्या जिवंत कातडीचा ठसा उमटल्याशिवाय कुठलंच ईमेल पुढे जात नसे. दुकान आईच्या, म्हणजे वत्सलाबाईंच्या, नावावर होतं, आणि चाळीस वर्षं पॉलिशपेपर घासून त्यांच्या दहाही बोटांचे ठसे पुसले गेले होते. ऑर्डर मिळाल्याचं ईमेल येईना, म्हणून गिऱ्हाइकं ऑर्डरी रद्द करू लागली होती.

"महिनाभर घासकाम बंद ठेव. ठसे परत येतात म्हणे."

"आणि खडबडीत घोडे पाठवू? पोरांच्या हातात कुसळं जायला?" वत्सलाबाईंनी चप्पल काढली, पाय पदराने पुसला. "ठसा हाताचाच हवा, असं लिहिलंय का कुठं?"

शलाकाने नियम दोनदा वाचले. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दुपारभर वत्सलाबाई घोडे घासत राहिल्या. दर ऑर्डरीला त्यांच्या पायाचा अंगठा जमिनीवर ठेवलेल्या ठसा घ्यायच्या काचेवर टेकत होता. एकही ईमेल परत आलं नाही.

"पाय दुखला तर?" शलाकाने विचारलं.

"दुसरा आहे ना."