पायाला लागून पाय

"मागे काय बघतेस, आई? हॉटेल पुढे आहे," यानेत म्हणाली.

आईने ऐकलं नाही. डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा बांधून ती अंगणात बसली होती आणि मान मागे वळवत होती. यानेतच्या ड्रोनने सकाळी हॉटेलच्या जाहिरातीसाठी टिपलेलं चित्रण त्या चष्म्यात चालू होतं. ड्रोनचा कॅमेरा चहूकडचं एकदम टिपतो. बघणाऱ्याने मान वळवावी, तिकडचं दिसतं. पण वळवतो कोण? मिठाच्या विटांचं आपलं नवं हॉटेल पांढऱ्या मैदानातून जवळ येताना पाहून मालक लहान पोरासारखा हरखला होता. त्याने मागे पाहिलं नाही. यानेतनेही कामापुरतं पुढचंच तपासलं होतं.

मांडीवरचं गाठोडं आईने हातातून सोडलं नव्हतं. त्यात लिंबर्टचे कपडे होते. यानेतचा हा धाकटा भाऊ प्रवाशांना जीपमधून मिठाचं मैदान दाखवायचा. पाऊस पडून सगळं मैदान घोटाभर पाण्याखाली गेलं, आणि एका संध्याकाळी तो परतलाच नाही. जीप सापडली, रुतलेली, दार उघडं. लिंबर्ट नाही. गावाने आपलं ठरवून टाकलं. आज आठवा दिवस. गेलेल्याचे कपडे आठव्या दिवशी धुवायचे आणि जाळायचे, म्हणजे जीव वाटेला लागतो. मामा झुडपांच्या काटक्या रचून केव्हाचा तयार बसला होता.

"ताई, ऊन उतरायला लागलं," मामा म्हणाला. "आण ते गाठोडं. आता सिनेमा बघायची वेळ आहे का?"

"जिवंत माणसाचे कपडे जाळू? उघडा फिरेल का माझा पोरगा?"

मामाने यानेतकडे पाहिलं. यानेतने मान खाली घातली. तिने आशा केव्हाच सोडली होती, पण आईसमोर तसं बोलायची तिची छाती नव्हती. चष्मासुद्धा तिने आईचं मन जरा दुसरीकडे वळावं म्हणूनच दिला होता.

"लिंबर्ट," आई म्हणाली.

यानेतने मान वर केली.

"तो बघ, उभा आहे. हॉटेलकडे पाठ केली की समोरच."

यानेतने चष्मा जवळजवळ हिसकावून घेतला. समोर नुसतं आभाळ होतं, वरही आणि खालीही. वारा पडला की मैदानाचा आरसा होतो आणि क्षितिज पुसलं जातं. त्या पोकळीत फार लांब एक माणूस उभा होता. लाल जाकीट. एक खांदा खाली पाडून उभं राहायची ती लिंबर्टचीच तऱ्हा. त्याच्या पायाला लागून पाय, आणि खाली उलटा दुसरा लिंबर्ट. दोघेही अजिबात हलत नव्हते.

"आई, हे काहीतरी..." यानेत चष्म्यातूनच म्हणाली.

"पाण्यात पडलंय ना त्याचं रूप? खाली दिसतोय ना?"

"दिसतोय."

"मग झालं तर! मेलेल्याचं रूप पाण्यात पडत नाही. माझी आजी सांगायची." आई ताडकन उठली. "भाऊ, त्या काटक्या राहू देत. गाडी काढ!"

मामा काहीबाही पुटपुटला, पण त्याने गाडी काढली. ड्रोन कुठून कुठे उडाला ते यानेतच्या यंत्रात होतंच. मामा बेताने गाडी हाकत होता. वरच्या मिठाला कुठे कुठे भोकं असतात, खाली गार काळं पाणी. चालक त्यांना डोळे म्हणतात. कोरड्या दिवसांत ते चटकन दिसतात. पाणी चढलं की अगदी जवळ जाईपर्यंत ओळखू येत नाहीत.

आईने गाठोडं उघडून जाड लोकरीची बंडी वर काढून ठेवली होती. "गारठला असेल," ती म्हणत होती. "आधी हे घालायचं, मग सूप." कितीतरी दिवसांनी ती हसली. यानेतलाही हसू आलं. पहिल्याच वर्षी तिने एक ड्रोन इथेच बुडवला होता. गिरकी घेताना तो उलटा झाला, वरचं आभाळ कुठलं न् खालचं कुठलं ते तिला कळेना, आणि वर न्यायचा म्हणून तिने तो सरळ पाण्यात घातला. लिंबर्ट पोट धरधरून हसला होता. "काय गं ताई, आभाळ घोटाभरच खोल निघालं का?" परत आला की त्याला हवं तेवढं चिडवू द्यायचं, तिने ठरवून टाकलं.

जागा आली. तिथे कुणी नव्हतं.

"लिंबर्ट!" आईने हाक मारली. तिचा आवाज पाण्यावरून गेला आणि परत आला नाही. बंडी छातीशी धरून ती गाडीतून उतरू लागली.

"थांब, ताई. पाय टाकू नकोस," मामा म्हणाला. त्याचा आवाज एकदम बदलला होता.

पुढे पाण्याखालच्या पांढऱ्या मिठात एक काळं वर्तुळ होतं. यानेत वाकून, चाचपडत तिथवर गेली. वर्तुळात पाण्याच्या अगदी लगत बुटांचे दोन तळवे होते, वर आलेले. त्यांच्याखाली पाय. त्यांच्याखाली लाल जाकीट, डोकं खाली, अंधारात, एक खांदा पडलेला.

चष्म्यात तिने दोन लिंबर्ट पाहिले होते. खरा खालचा होता.