पेटलेला डोंगर

"हळू घे गं, पूल आला," बाबा म्हणाले. लेकीने वेग कमी केला.

बाबा पुढे, आई मागे. आईच्या डोळ्यांना गेल्या हिवाळ्यापासून उजेड-अंधाराखेरीज काही कळत नव्हतं. तेव्हापासून तिने घराबाहेर पडणंच सोडलं होतं. पानगळीतली ही फेरी मात्र बाबांनी चुकू दिली नाही. इतकी वर्षं दोघंच यायची, लेकीला मावशीकडे ठेवून. आता बाबांचे गुडघे गाडी चालवू देईनात, म्हणून लेकीची वर्णी लागली.

निघताना फाटकापाशी त्यांनी तिला बाजूला घेतलं होतं.

"आज रंग मी सांगणार. चुकलो तर हळूच कोपर मार. तिचा हिरमोड नको व्हायला."

त्यांची धास्ती खरी होती. जन्मभर शिवणकाम केलं, पण लाल आणि हिरवा त्यांना सारखेच दिसायचे. दोऱ्याची रिळं आई निवडून द्यायची. एकदा ती माहेरी गेली आणि बाबांनी एका मास्तरांच्या हिरव्या कोटाला लालभडक काजं केली. मास्तर तोच कोट घालून गावभर मिरवले, हे बाबांचं नशीब.

"शेतं कापून झालीत," बाबा सांगू लागले. "नुसती पिवळी धसकटं उरलीत. ओढ्याकाठची झाडं निम्मी उघडी पडलीत."

चाकांखाली पानं चुरचुरत होती. आईने काच खाली केली. कित्येक महिन्यांनी ती हसत होती. कोपर मारायची वेळ काही आली नाही.

"पानगळीत हा डोंगर लाल होतो, असं मित्राकडून ऐकून लग्नाच्या वर्षी हिला इथे आणलं," बाबा म्हणाले. "विचारलं, कसा दिसतो डोंगर? हिने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, अहो, नुसता पेटलाय! तेव्हापासून एकही वर्ष चुकवलं नाही."

"आता आजचं सांगा की," आई म्हणाली.

गाडी वळली. बाबा पुढे झुकले.

"तळाशी शेंदरी. मधे लालबुंद. आणि माथ्यावर, अगं, तू म्हणायचीस तस्सा डाळिंबी!" ते लेकीकडे वळले. "बरोबर ना गं पोरी?"

आईचा हात मागून लेकीच्या खांद्यावर आला आणि घट्ट झाला.

"अगदी बरोबर, बाबा," लेक म्हणाली.

समोरचा डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत कधीच पानं न झडणाऱ्या देवदारांनी हिरवागार होता.