धुतलेले डबे

डबे पुन्हा रिकामे होते. घासून, पुसून ओट्यावर उपडे मांडलेले. आणि बाबांचा पट्टा आणखी एका भोकानं आत गेला होता. ते भोक त्यांनी स्वतःच खिळ्यानं पाडलं होतं.

लेकीनं भाजीची पिशवी खाली ठेवली आणि स्टुलावर टेकली. जिना चढताना तिला हल्ली मध्येच थांबावं लागे, पण ते बाबांना कळायची काही गरज नव्हती.

"ऊन फार आहे," ती म्हणाली.

"हो ना," म्हणत बाबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. खिडकीबाहेर आभाळ भरून आलं होतं.

तिला काय झालंय ते तिनं फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की औषधांनी थोडे दिवस पुढे ढकलता येतील, बाकी काही नाही. नवरा म्हणे, बाबांना सांगून टाक. ती म्हणे, आई गेल्यापासून ते अर्धे झालेत, हे ऐकलं तर उरलेले अर्धेही राहायचे नाहीत. तिचा हट्ट एवढाच होता की बाबांच्या अंगावर मूठभर मांस आलेलं डोळ्यांनी बघायचं, मग आपलं काय व्हायचं ते होऊ दे. म्हणून दर रविवारी ती येऊन आठवड्याचा स्वयंपाक करून ठेवी. आणि बाबा होते की दिवसेंदिवस झिजत चालले होते. त्यांच्या डॉक्टरांनी तर तिलाच दम दिला होता, असंच चाललं तर भरती करून नळीनं भरवावं लागेल.

आईच्या माघारी या स्वयंपाकघरात एक बोथट सुरी आणि पोचे आलेलं पातेलं उरलं होतं. लेकीनं एकेक करून सगळं जमवलं. दोरी ओढली की कांदा बारीक करणारं चॉपर आणलं, मोठा कुकर आणला, खणांचे काचेचे डबे आणले. हवा काढून पिशवी बंद करणारं मशीन मात्र बाबांनी स्वतःहून मागून घेतलं होतं. अख्खी नोकरी गोदामात काढलेला माणूस. कुठला माल कशात किती टिकतो, हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय.

"यात भरून गोठवलं तर किती टिकतं गं?" त्यांनी विचारलं होतं.

"पुष्कळ. वर्षभरसुद्धा म्हणतात."

"आणि चव?"

"चव जात नाही म्हणे."

बाबांनी मान डोलावली आणि पुढच्या खेपेला पिशव्या जास्तीच्या आण म्हणाले. चला, कशात तरी मन लागतंय म्हणून तिला तेव्हा बरं वाटलं होतं.

ती उठून चॉपरची दोरी ओढायला लागली. दोन हिसक्यांत हात भरून आला. बाबांनी ते अलगद काढून घेतलं.

"दे इकडे."

"जमतं हो मला."

"जमतंय की, पण दे. कापाकापी मी करतो. मीठमसाला तेवढा तू घाल. तुझा हात लागू दे."

"फुकटची स्वयंपाकीण मिळाली आणि वर नखरे बघा."

बाबा हसले. हसताना गालांची हाडं वर आली. मसुराची डाळ कुकरमध्ये गेली, गाजर-वाटाणा शिजायला लागला, सूप उकळायला लागलं. डबे भरता भरता तिला राहवेना.

"बाबा, खरं सांगा. जेवता ना तुम्ही?"

"डबे रिकामे दिसत नाहीत का?"

"दिसतात. मग अन्न जातं कुठं? अंगाला तर लागत नाही."

"वय झालं, बाळा. या वयात कुणाच्या अंगाला लागतं?"

"माझ्यासाठी तरी नीट जेवा हो," ती म्हणाली आणि तिला रडू आवरेना. डबा हातातून सुटला, सूप ओट्यावर सांडलं. "माझ्यात आता ताकद नाही राहिली तुमच्या मागे लागायची."

बाबांनी चमचा घेतला आणि सांडलेल्यातलं वरवरचं सूप पुन्हा डब्यात भरायला लागले.

"टाका हो ते," ती म्हणाली.

"टाकायचं कशाला? चांगलं आहे."

कचऱ्याचा डबा तिनं मघाशीच उघडून बघितला होता. त्यात नुसता चहाचा चोथा होता. मग अन्न जातं कुठं? दही आणायचं निमित्त करून ती खाली दूधवाल्याच्या दुकानात गेली.

"बाबा कुणाला जेवण वाटतात का हो? कुत्र्यामांजरांना वगैरे?"

"दादा? छे, छे," दूधवाला म्हणाला. "ते स्वतःच सकाळ-संध्याकाळ माझ्याकडून पाव नेतात, चहाबरोबर खायला. पण ताई, बरं झालं तुम्ही आलात. मला त्यांना तोंडावर सांगवत नाही. आता जागा नाही हो माझ्याकडे."

"कसली जागा?"

त्यानं मोठ्या डीप फ्रीजरचं झाकण उचललं. आइस्क्रीमचे खोके एका कडेला सारलेले होते. बाकी तळापासून काठापर्यंत चपट्या, हवा काढलेल्या पिशव्या रचून ठेवल्या होत्या. डाळ. गाजर-वाटाणा. सूप. प्रत्येकीवर बाबांच्या टपोऱ्या अक्षरात तारीख घातलेली, जुन्या खाली, नव्या वर.

"घरच्या फ्रीजमध्ये नीट गोठत नाही म्हणून इथे आणून ठेवतात. मी म्हटलं, दादा, एवढं आहे तर खा की, पाव कसले खाता? तर म्हणतात, लेक जायची आहे माझी, नंतर तिच्या हातचं कुठून आणू?" दूधवाल्यानं झाकण खाली सोडलं आणि दह्याचं भांडं पुढे ओढलं. "कुठं परदेशात निघालात का, ताई?"